परदेशातून आलेली डीव्हीडी घरच्या प्लेअरवर कशी लावायची

बाहेरदेशची डीव्हीडी प्लेअरमध्ये घातली आणि ती चालली नाही, की घरात दोनच निष्कर्ष निघतात: सीडी खराब आहे, नाहीतर प्लेअर गेला. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतात. अडचण तीन ठिकाणी असू शकते. डिस्कवर रीजन कोडचं (ती कुठल्या देशांत चालावी ते ठरवणाऱ्या आकड्याचं) कुलूप असतं, किंवा चित्राची पद्धत (पॅल की एनटीएससी) टीव्हीला पटत नाही, किंवा डिस्कचा प्रकारच तुमच्या मशीनला वाचता येत नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. घोळ रीजनचा असताना लेन्स पुसत बसलात तर काही होणार नाही, आणि घोळ पॅल-एनटीएससीचा असताना नेटवर रीजनचे गुप्त कोड शोधलेत तरी काही होणार नाही. म्हणून आधी निदान करायचं. स्क्रू ड्रायव्हर तर शेवटपर्यंत लागत नाही.

कोल्हापुरात अशा डिस्क अजूनही बऱ्याच घरांत आहेत. लेक न्यू जर्सीला, भाचा दुबईला, त्यांनी कधीतरी पाठवलेल्या बारशाच्या, डोहाळजेवणाच्या डिस्क कपाटात पडून आहेत. पेठेतल्या फुटबॉलवेड्यांकडे परदेशी मॅचच्या डिस्क असतात. जागतिक सिनेमा जमवणाऱ्यांकडे जपान-फ्रान्सच्या असतात. त्यातल्या बऱ्याच कुठल्याही ॲपवर मिळत नाहीत, हेच त्या सांभाळण्याचं कारण.

आधी टीव्हीवर काय दिसतंय ते बघा

डिस्क घाला आणि मिनिटभर काहीही न दाबता थांबा. जे दिसतं त्यावरून पुढची वाट ठरते.

“राँग रीजन”, “रीजन एरर” असा काही संदेश आला, किंवा पृथ्वीचा गोल आणि त्यावर फुली दिसली, तर रीजनचं कुलूप आहे. डिस्क चांगली आहे, प्लेअरही चांगला आहे.

आवाज व्यवस्थित येतोय पण चित्र काळं-पांढरं आहे, वरून खाली घसरतंय किंवा थरथरतंय, तर रीजनचा काही संबंध नाही. प्लेअरने डिस्क वाचली, टीव्हीला मात्र त्याचा सिग्नल उमगत नाही. हा पॅल-एनटीएससीचा मामला.

“नो डिस्क”, “अननोन डिस्क” असं आलं, किंवा “लोडिंग” वरच अडकून राहिलं, तर डिस्कचा प्रकार, तिच्यावरची घाण किंवा अर्धवट राहिलेलं रेकॉर्डिंग यांपैकी काहीतरी आहे.

चित्र उत्तम पण आवाज नाही, असंही होतं. तेव्हा रिमोटवरचं “ऑडिओ” बटण दाबून दुसरा ट्रॅक निवडा. बऱ्याच परदेशी डिस्कवर डीटीएस आणि डॉल्बी अशा आवाजाच्या दोन पद्धतींचे ट्रॅक असतात, आणि डीटीएसचा आवाज साध्या प्लेअरमधून टीव्हीवर येत नाही. एवढ्यासाठी प्लेअर दुरुस्तीला देऊ नका.

कव्हरच्या मागची बारीक अक्षरं

कव्हरच्या मागे, खालच्या बाजूला, पृथ्वीच्या छोट्या गोलात एक आकडा असतो. तो रीजन. त्याच ओळीत कुठेतरी पॅल किंवा एनटीएससी छापलेलं असतं. चष्मा लावा, नाहीतर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा.

रीजन असे आहेत. १ म्हणजे अमेरिका आणि कॅनडा. २ म्हणजे युरोप, जपान, आखाती देश आणि दक्षिण आफ्रिका. ३ मध्ये दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि सिंगापूर-थायलंडकडचा भाग. ४ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. ५ मध्ये आपण, म्हणजे भारत, शिवाय पाकिस्तान, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग. ६ चीन. ८ नंबर विमानं आणि जहाजांसाठी ठेवलाय. ० किंवा “ऑल” लिहिलं असेल तर कुलूपच नाही. काही डिस्कवर “२, ४” असे दोन आकडे असतात. त्या दोन्ही ठिकाणी चालतात.

वर्ल्ड कपच्या दिवसांत ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या झेंड्यांवरून आपल्या गल्ल्यांत जे काही चालतं ते चालू द्या, डिस्कच्या हिशेबात दोघे एकाच रीजनमध्ये, ४ मध्ये आहेत.

ही विभागणी झाली ती सिनेमा कंपन्यांच्या सोयीसाठी. डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. तेव्हा एखादा चित्रपट अमेरिकेत लागल्यानंतर इतर देशांत पोचायला महिने जात. अमेरिकेतली डिस्क इकडे आधी येऊन थिएटरचा धंदा बुडू नये, म्हणून हा बंदोबस्त. कोड घालायची सक्ती मात्र कधीच नव्हती, त्यामुळे छोट्या प्रकाशकांच्या, माहितीपटांच्या, संगीताच्या डिस्क पुष्कळदा ० च्याच असतात. घरगुती रेकॉर्डिंगवर तर रीजन नसतोच. म्हणजे लेकीने पाठवलेली बारशाची डिस्क चालत नसेल, तर रीजनला दोष देऊ नका; पॅल-एनटीएससीचा आणि “डिस्कच वाचली जात नसेल तर” हे पुढचे भाग वाचा.

सगळ्यात जास्त गफलत होते ती इथे: रीजन आणि पॅल-एनटीएससी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जपान आणि इंग्लंड दोघांचा रीजन २, पण जपानची डिस्क एनटीएससी आणि इंग्लंडची पॅल. ऑस्ट्रेलिया आणि मेक्सिको दोघेही ४, पण ऑस्ट्रेलियाची पॅल, मेक्सिकोची एनटीएससी. त्यामुळे “रीजन फ्री प्लेअर आहे” म्हणून सगळं चालेलच असं नाही.

पॅल-एनटीएससीचा घोळ सोडवणं

भारतात टीव्हीची पद्धत पॅल. तिच्यात चित्राच्या ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका-जपानच्या एनटीएससीत ४८० ओळी आणि सेकंदाला जवळजवळ ३०. इकडे विकले गेलेले बहुतेक डीव्हीडी प्लेअर दोन्ही वाचतात. नडतो तो टीव्ही, आणि तोही जुना, डब्यासारखा, काचेच्या नळीचा असेल तरच. अलीकडचा एलईडी टीव्ही दोन्ही सिग्नल निमूटपणे घेतो.

रिमोटवर “पी/एन” असं बटण आहे का बघा. साध्या, स्वस्त प्लेअरच्या रिमोटवर ते हमखास असतं. ते दाबत गेलं की पॅल, एनटीएससी आणि ऑटो असं बदलत जातं. मधेच पडदा काळा झाला तर घाबरू नका, पुन्हा दाबा. असं बटण नसेल तर सेटअप मेन्यूत जा आणि “टीव्ही सिस्टीम” किंवा “टीव्ही टाइप” शोधा.

तिथे काय निवडायचं? टीव्ही नवा असेल तर “मल्टी” किंवा “ऑटो”. जुना असेल आणि त्यावर एनटीएससी काळं-पांढरं दिसत असेल तर “पॅल”. पॅलवर ठेवल्यावर प्लेअर एनटीएससी डिस्कचं चित्र पॅलमध्ये बदलून पाठवतो. स्वस्त मशीन हे काम कसंबसं करतात. कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं, आणि फुटबॉलमध्ये तर चेंडू उड्या मारत जातोय असं वाटतं. म्हणून गरज नसताना पॅलवर अडकवून ठेवू नये.

प्लेअरला एचडीएमआय असेल तर लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना बाजूला ठेवा आणि एकच एचडीएमआय वायर जोडा. रंग जाण्याचा प्रश्न तिथे उरत नाही. एचडीएमआय नसेल आणि नव्या टीव्हीला तीन पिनांची भोकंही नसतील, तर टीव्हीच्या मागे “एव्ही” लिहिलेलं एकच बारीक भोक बघा. त्यात जाणारी ३.५ मिमीची वायर बऱ्याचदा टीव्हीसोबत खोक्यात आलेली असते आणि ती नेमकी कोणालाच सापडत नाही. दुकानातून दुसरी आणलीत तर जोडून बघूनच घ्या, कारण आतल्या जोडण्यांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो.

माणसं लांबट किंवा बुटकी दिसत असतील तर तो बिघाड नाही. सेटअपमध्ये “टीव्ही डिस्प्ले” ४:३ वर असेल, तो १६:९ करा.

सिनेमाप्रेमींसाठी एक जादा गोष्ट. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो. पॅल डिस्कवर तो २५ ने पळवतात. म्हणजे दोन तासांचा सिनेमा पाचेक मिनिटं आधी संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. “युरोपातली डिस्क कापलेली आहे” असं सांगणारे भेटले तर आधी हा हिशेब करून बघा.

रीजनचं कुलूप

प्लेअरच्या मागच्या स्टिकरवर तसाच पृथ्वीचा गोल असतो. त्यात ५ असेल तर मशीन फक्त ५ च्या आणि ० च्या डिस्क घेतं, असं कागदावर तरी. प्रत्यक्षात इकडे विकले गेलेले कितीतरी साधे प्लेअर मुळातच सगळे रीजन चालवतात. म्हणून डिस्क घालून बघितल्याशिवाय काही करायला जाऊ नका.

मशीन खरंच अडवत असेल तर पुष्कळ मॉडेलमध्ये रिमोटवरून रीजन बदलता येतो. प्रत्येकाचा आकडा वेगळा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचाही वेगळा असू शकतो. मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, लिहून घ्या आणि तो “रीजन फ्री” या शब्दांबरोबर शोधा. पद्धत साधारण अशी असते:

१. आतली डिस्क काढा. ट्रे उघडा ठेवायचा की बंद, ते मॉडेलवर अवलंबून.
२. सेटअप मेन्यू उघडा. काहींत प्रेफरन्सेसच्या पानावर जावं लागतं.
३. सांगितलेले आकडे सावकाश, पण मध्ये फार न थांबता दाबा.
४. एक लपलेला मेन्यू किंवा नुसता रीजनचा आकडा दिसेल. वर-खालीच्या बाणाने तो ० करा. काही मशीनमध्ये “सगळे” साठी ० ऐवजी ९ असतो.
५. ओके करा, प्लेअर बंद करून प्लग काढा, थोड्या वेळाने परत लावा.

त्या लपलेल्या मेन्यूत इतरही बरंच काही दिसेल. त्याला हात लावू नका.

यासाठी मूळ रिमोट लागतो. बाजारात मिळणाऱ्या कॉमन रिमोटवर प्ले-पॉज असतं, पण सेटअपचं बटण किंवा आकडे पुष्कळदा नीट चालत नाहीत. जुना प्लेअर विकत घेताना मशीनपेक्षा रिमोटची चौकशी आधी करा.

काही मॉडेलना असा आकडा नसतोच; त्यांना पेन ड्राइव्हवरून किंवा सीडीवरून फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, नव्याने घालावं लागतं. माझं मत विचाराल तर त्या भानगडीत पडू नका. जवळच्या मॉडेलचं फर्मवेअर “चालतंय की” म्हणून घातलं आणि मध्येच लाइट गेली, तर मशीन उठत नाही.

प्लेअर ० वर असूनही अमेरिकेची एखादी डिस्क नकाशा दाखवून अडून बसते. २००० नंतरच्या काही रीजन १ डिस्कमध्ये जादा तपासणी घातलेली आहे. प्लेअर “मी सगळ्यांचा” म्हणाला की ती ओळखते. अशा वेळी त्याच लपलेल्या मेन्यूत ० काढून नेमका १ ठेवा. डिस्क बघून झाली की परत ० करा.

कायद्याचं म्हणाल, तर आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं. विकत घेतलेली डिस्क घरात बसून बघणं आणि तिच्या प्रती काढून वाटणं, यांत फरक आहे, आणि हा लेख फक्त बघण्यापुरता आहे.

कॉम्प्युटरवर लावताना

इथे घाई महागात पडते. १ जानेवारी २००० नंतर बनलेल्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये रीजन ड्राइव्हच्या आतच साठवलेला असतो आणि तो फक्त ५ वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. विंडोज नव्याने टाकून किंवा ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून तो मोजणारा आकडा मागे जात नाही. त्यामुळे एखादं सॉफ्टवेअर “रीजन बदलू का?” विचारू लागलं की सवयीने ओके दाबू नका.

किती संधी उरल्यात ते आधी बघा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, डीव्हीडी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग “डीव्हीडी रीजन” हे पान. तिथे सध्याचा रीजन आणि उरलेले बदल दोन्ही दिसतात.

मग व्हीएलसी हा फुकट प्लेअर घ्या. विंडोज १० मध्ये सिनेमाची डीव्हीडी चालवायची सोय आपोआप येत नाही, त्यामुळे काहीतरी लागणारच आहे. व्हीएलसी बहुतेक वेळा ड्राइव्हचा रीजन न बदलता डिस्क चालवतो. मीडिया मेन्यूतून “ओपन डिस्क” करा. मेन्यूवर अडखळला तर “नो डिस्क मेन्यूज” वर टिक करून बघा. काही ड्राइव्ह स्वतःच आडवे येतात, तेव्हा मात्र रीजन बदलण्यावाचून गत्यंतर नसतं.

तुमच्याकडे अमेरिकेच्या डिस्क जास्त असतील तर माझा सल्ला सरळ आहे: यूएसबीचा बाहेरून लावायचा वेगळा ड्राइव्ह घ्या, त्याचा रीजन १ करा आणि परत त्याला हात लावू नका. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला की घरातल्या सगळ्यांना बघता येतं.

डिस्कच वाचली जात नसेल तर

ब्लू-रे डिस्क डीव्हीडी प्लेअरमध्ये कधीच चालत नाही, कितीही कोड दाबा. कव्हर सहसा निळं असतं. ब्लू-रेचे रीजनही वेगळे, अक्षरांचे: अमेरिका, जपान, कोरिया ए मध्ये, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये, भारत सी मध्ये. फोर-के ब्लू-रेला मात्र रीजनच नाही.

घरगुती रेकॉर्डिंगच्या डिस्कमध्ये सगळ्यात मोठा चोर म्हणजे “फायनलाइज” न करणं. छोट्या, ८ सेंटिमीटरच्या डिस्कवर शूटिंग करणारे हँडीकॅम २००० च्या दशकात घरोघर होते. त्या डिस्कवर शूटिंग संपल्यावर कॅमेऱ्यात फायनलाइजची आज्ञा द्यावी लागे. ती दिली नसेल तर डिस्क त्याच कॅमेऱ्यात दिसते आणि बाकी सगळीकडे कोरी. कॅमेरा अजून नातेवाइकांकडे असेल तर डिस्क परत पाठवा, हे काम दोन-चार मिनिटांचं आहे. कॅमेरा गेला असेल तर कॉम्प्युटरवर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बहुधा शूटिंग निघतं. ही छोटी डिस्क नुसत्या फटीत ढकलायच्या ड्राइव्हमध्ये घालू नका, आत अडकते.

साफसफाई मऊ सुती कापडाने, मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसत. गोल-गोल घासू नका. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही नको. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या डिस्कवर बुरशी धरते. त्या ओलाव्यात लेन्सवरही बाष्प येतं. पावसाळ्यात प्लेअर नुसता चालू करून अर्धा-एक तास ठेवा, मग डिस्क घाला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या डिस्क अजून गाळासकट ठेवल्या असतील तर कोरड्या गाळावर कापड फिरवू नका. आधी साध्या पाण्याच्या धारेखाली गाळ सुटू द्या, आणि सावलीत उभ्या करून वाळवा.

प्लेअरच तिकडून आणला असेल तर

भारतात वीज २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. प्लेअरच्या मागे “१००–२४०” असं छापलेलं असेल तर नुसती पिन बदलून लावा. फक्त “१२०” किंवा “१००” असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचा नाही. स्वस्तातला ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट कमी करत नाही. डीव्हीडी प्लेअर वीज थोडीच खातो, १०० वॉटचा ट्रान्सफॉर्मर पुष्कळ झाला. अमेरिकेतला प्लेअर मात्र बहुधा आपल्या पॅल डिस्क दाखवणार नाही, तेव्हा तो आणण्यात फारसा अर्थ नाही.

राजारामपुरी-शाहूपुरीत फिरून जुना प्लेअर घेणार असाल तर आपली सगळ्यात हट्टी परदेशी डिस्क खिशात घेऊनच जा आणि दुकानातल्या टीव्हीवर लावून बघा.

इकडून तिकडे पाठवताना

उलटा घोळही होतो. कोल्हापुरातला व्हिडिओवाला लग्नाची डिस्क सवयीने पॅलमध्ये काढतो. ती दुबईला, लंडनला, सिडनीला बिनबोभाट चालते. अमेरिकेतल्या आत्याच्या साध्या प्लेअरमध्ये मात्र ती चालत नाही, आणि मग फोनवर “डिस्क खराब आली” असं ऐकावं लागतं. तिला कॉम्प्युटरवर व्हीएलसीत लावायला सांगा, लगेच दिसेल. ऑर्डर देतानाच व्हिडिओवाल्याला सांगितलंत तर आणखी बरं: अमेरिका-कॅनडासाठी एक प्रत एनटीएससीत काढा, कागदी लेबल चिकटवू नका, आणि मूळ फाइल एमपी-४ मध्ये पेन ड्राइव्हवर वेगळी द्या.